बंद पडलेला लॅपटॉप : दोषशोधनाचा एक पाठ

चंदीगडची आखणी करताना ल कॉर्ब्युझिए याने शहराची विभागणी सुमारे 800 मीटर रुंद व 1,200 मीटर लांब अशा आयताकृती सेक्टरांमध्ये केली. त्यांपैकी सेक्टर 30 मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना ही वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची प्रयोगशाळा आहे. या संघटनेची स्थापना ऑक्टोबर 1959 मध्ये नवी दिल्ली येथे झाली आणि 1962 साली ती चंदीगडला आली. सुमारे 120 एकरांच्या तिच्या आवारात संशोधनशाळा, कार्यशाळा व कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आहेत. झुरिच येथील स्विस तांत्रिक साहाय्य प्रतिष्ठानाच्या सहकार्याने 1963 साली सुरू झालेले इंडो-स्विस प्रशिक्षण केंद्रही याच आवारात आहे. ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या चालकाला समोरच्या काचेवर उड्डाणाची माहिती दाखविणारे उपकरण या प्रयोगशाळेने विकसित केले, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु उपकरणांची देखभाल, दुरुस्ती, चाचणी व अंशशोधन हेही या संघटनेच्या कार्याचे एक अंग आहे, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही.

वस्तुतः देखभालीचे हे काम संशोधनाइतकेच मोलाचे आहे. ज्या उपकरणाला दुरुस्त करणारा हात मिळत नाही, ते उपकरण म्हणजे खोलीतील जागा अडविणारे एक लाकूडसामानच होय. एखादा छोटा सुटा भाग मिळत नाही, किंवा दोष कोठे आहे हे कोणाला शोधता येत नाही, एवढ्याच कारणाने मोठ्या किमतीची यंत्रे वर्षानुवर्षे बासनात पडून राहतात. प्रयोगशाळेतील उपकरणांबाबत जे खरे, तेच आज घराघरांतील लॅपटॉपबाबतही खरे आहे. दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप एके दिवशी सुरू होत नाही, आणि घरातील मंडळी तो निकामी झाला असे समजून त्यावर कायमची फुली मारतात. पुष्कळदा दोष क्षुल्लक असतो, आणि फुली मात्र यंत्राबरोबर त्यातील कागदपत्रे, हिशेब, छायाचित्रे आणि लेखन यांवरही मारली जाते.

प्रस्तुत प्रकरणात अशा लॅपटॉपचा दोष पद्धतशीरपणे कसा शोधावा, याचा विचार केला आहे.

आरंभाची साखळी

यंत्रे प्रायः चालू असताना बिघडत नाहीत. ती चालू करताना बिघडतात. अमेरिकेत 1946 साली जाहीर झालेल्या ‘एनिॲक’ या संगणकात सुमारे 18,000 निर्वात नलिका होत्या. त्यांपैकी बहुसंख्य नलिका यंत्र तापताना किंवा थंड होताना निकामी होत. म्हणून ते यंत्र शक्यतो बंदच करीत नसत. आजच्या संगणकात निर्वात नलिका नाहीत; तथापि आरंभाचा क्षण अजूनही कसोटीचाच असतो, कारण त्या काही सेकंदांत यंत्रातील प्रत्येक विभागाला आपापल्या क्रमाने जागे व्हावे लागते.

हा क्रम पुढीलप्रमाणे असतो. घरातील 230 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह प्रथम चार्जरमध्ये येतो. चार्जर त्याचे सुमारे 19 किंवा 20 व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. हा प्रवाह लॅपटॉपच्या मुख्य फलकावर, म्हणजे मदरबोर्डवर, पोहोचला की तेथील एक लहान नियंत्रक जागा होतो. यंत्र बंद दिसत असले तरी हा नियंत्रक बटण दाबले जाण्याची वाट पाहत असतो. बटण दाबताच तो निरनिराळ्या भागांना लागणारे 5 व्होल्ट, 3.3 व्होल्ट, आणि प्रोसेसरसाठी साधारण 1 व्होल्टच्या आसपासचे विद्युत्-दाब क्रमाने सुरू करवितो. ते सर्व स्थिर झाले म्हणजे प्रोसेसर कामाला लागतो. त्यानंतर एका चिपमध्ये कायमस्वरूपी साठविलेला ‘बायॉस’ हा प्राथमिक कार्यक्रम चालू होतो. तो प्रथम स्मृती, म्हणजे रॅम, तपासतो. मग पडदा उजळतो. आणि शेवटी हार्ड डिस्ककडून ऑपरेटिंग सिस्टिम मागवून घेतो.

दोषशोधनाचे सारे शास्त्र या साखळीवर उभे आहे. साखळीतील कोणती कडी शेवटची सुस्थितीत आहे हे ठरविता आले, तर दोष तिच्या लगतच्या पुढच्या कडीत असला पाहिजे. क्रमांक ठाऊक असलेल्या शहरात पत्ता शोधणारा मनुष्य घरोघर विचारीत फिरत नाही. तो प्रथम सेक्टर निश्चित करतो, मग रस्ता, आणि मग घर. दोष शोधणाऱ्यानेही तसेच करावयाचे असते. ही पद्धत सोडून जो एकदम ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने भरू लागतो, किंवा नवी बॅटरी आणून बसवितो, त्याची गत ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी होते.

एक उदाहरण

समजा, सेक्टर 30 मधील एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या घरी 2011 सालच्या सुमाराचा एक लॅपटॉप आहे. पावसाळ्याच्या आरंभी तो कपाटात ठेवला गेला आणि दिवाळीनंतर बाहेर काढला गेला. बटण दाबले असता काहीच घडत नाही. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, आवाज येत नाही. शिक्षकाने वीस वर्षे जमविलेल्या टिपणांची एकमेव प्रत या यंत्रात आहे. म्हणजे प्रश्न यंत्राच्या किमतीचा नाही. यंत्र बाजारात पुन्हा मिळेल, टिपणे मिळणार नाहीत. ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील प्रत्येक निर्णय तिच्यावर अवलंबून आहे.

प्रथम भिंतीवरील प्लग तपासावा. त्यात टेबलावरचा दिवा लावून पाहिला की वीज आहे किंवा नाही हे कळते. ही पायरी हास्यास्पद वाटते. परंतु ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही म्हण दुरुस्तीच्या धंद्यात रोज खरी ठरते. मग चार्जर पाहावा. त्याच्या लेबलवर किती व्होल्ट व किती अँपिअर हे छापलेले असते, उदाहरणार्थ, 19.5 व्होल्ट आणि 3.34 अँपिअर, म्हणजे सुमारे 65 वॅट. मल्टिमीटर असल्यास टोकाशी येणारा दाब मोजावा. येथे एक सावधगिरी हवी. भार नसताना पुरे व्होल्ट दाखविणारा जुना चार्जर भार पडताच कोसळू शकतो. तेव्हा मीटरवरील आकडा बरोबर आला म्हणून चार्जर निर्दोष ठरत नाही. तेवढ्याच व्होल्टचा, तितक्या किंवा अधिक अँपिअरचा, आणि त्याच प्रकारच्या टोकाचा दुसरा चार्जर लावून पाहणे हीच खरी परीक्षा होय.

चार्जरवर दिवा असल्यास त्याच्याकडे लक्ष द्यावे. भिंतीला जोडल्यावर तो लागला आणि लॅपटॉपला टोक जोडताच विझला, तर लॅपटॉपच्या आत कोठेतरी विद्युत्-मार्ग आखूड झाला आहे, म्हणजे शॉर्ट झाला आहे, असा त्याचा अर्थ होतो. असे काम घरी करण्याजोगे नसते. टोक हलविल्यावर दिवा लागतो आणि विझतो, असे दिसले तर चार्जर बसतो ती खोबण सैल झाली आहे. रोजच्या ओढाताणीमुळे होणारा हा दोष जुन्या यंत्रांत फार आढळतो आणि कुशल कारागीर तो अल्पखर्चात दूर करतो.

वरील उदाहरणात चार्जर निर्दोष निघाला असे मानू. पुढची कडी बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरीतील प्रत्येक घट साधारण 3.6 ते 3.7 व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टपर्यंत जातो. असे घट महिनोन्‌महिने न भरता ठेवले तर त्यांचा दाब सुरक्षित मर्यादेच्या खाली उतरतो, आणि बॅटरीतील संरक्षक मंडल तिला बंद करून टाकते. अशी मृतवत् बॅटरी काही वेळा संपूर्ण यंत्राला अडवून धरते. म्हणून चार्जर काढावा, बॅटरी बाहेर काढावी, आणि चालू करण्याचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे. यामुळे मदरबोर्डवरील धारित्रांत उरलेला विद्युत्-भार निघून जातो आणि गोंधळलेला नियंत्रक पुन्हा मूळ स्थितीत येतो. त्यानंतर बॅटरी न लावता केवळ चार्जर जोडून बटण दाबावे. बॅटरी आतच बसविलेली असेल, तर खालचे झाकण उघडून तिची जोडणी अलग करावी लागते.

बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र एवढेच करावे : ती पुन्हा चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये, आणि धातूच्या वस्तूंपासून दूर ठेवावी. फुगलेल्या घटात वायू साठलेला असतो, आणि त्याचे आवरण फाटल्यास आग लागण्याचा धोका असतो.

आता शिक्षकाच्या लॅपटॉपचा दिवा लागतो व पंखा फिरू लागतो. पण पडदा काळाच राहतो, आणि काही सेकंदांनी यंत्र आपोआप बंद होते. वरकरणी ही निराशाजनक स्थिती आहे. दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती मोठी प्रगती आहे, कारण साखळीतील पहिल्या कड्या शाबूत आहेत हे तिने सिद्ध केले.

काळा पडदा

पडदा काळा असण्याची दोन अगदी भिन्न कारणे संभवतात. एक, यंत्र चालू आहे पण चित्र दिसत नाही. दोन, यंत्र चित्र दाखविण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचलेच नाही. यांतील भेद ओळखण्यास विजेरी पुरते. पडद्यावर तिरपा प्रकाश टाकला असता अक्षरे अस्पष्ट दिसली, तर पडद्यामागील प्रकाशयोजना तेवढी गेली आहे. सन 2010 च्या आधीच्या अनेक लॅपटॉपांत या कामासाठी बारीक नलिकादीप असे व त्याला शेकडो व्होल्टचा दाब पुरविणारा स्वतंत्र फलक असे. म्हणून चालू यंत्रात तेथे बोट घालू नये. बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर चित्र स्वच्छ दिसले, तर मदरबोर्ड, स्मृती व प्रोसेसर यांच्यावरचा संशय दूर होतो आणि पडदा किंवा बिजागरीतून जाणारी त्याची तार एवढ्यापुरता तो उरतो.

दोन्ही ठिकाणी काही न दिसल्यास स्मृतीकडे वळावे. पावसाळ्यातील दमट हवेत रॅमच्या पट्टीच्या संपर्कबिंदूंवर मळाचा व गंजाचा सूक्ष्म थर धरतो, आणि बायॉसची पहिलीच तपासणी तेथे अडते. अनेक लॅपटॉप अशा वेळी ठरावीक संख्येने शिट्टीसारखा आवाज देतात किंवा दिवा उघडझाप करतात. या खुणा निरर्थक नसतात. यंत्राने आपल्या दुखण्याचे ते केलेले निवेदनच होय. खुणांचा अर्थ प्रत्येक निर्मात्यागणिक वेगळा असतो, म्हणून त्या यंत्राच्या पुस्तिकेवरूनच तो लावावा.

रॅमला हात लावण्यापूर्वी चार्जर व बॅटरी दोन्ही अलग करावी. कोरड्या हवेत अंगावर साठणारी स्थिरविद्युत चिपला मारक ठरू शकते. तेव्हा भूसंपर्क असलेल्या एखाद्या धातूच्या वस्तूस आधी स्पर्श करावा. दोन्ही बाजूंच्या कड्या दूर करताच पट्टी तिरपी उचलली जाते. तिचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने हळुवार पुसावेत, पूर्ण वाळू द्यावेत, आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. पट्ट्या दोन असल्यास एका वेळी एकच लावून पाहावी. एका वेळी एकच बदल करणे हा दोषशोधनाचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर यश मिळते, ज्ञान मिळत नाही. आणि तोच दोष पुन्हा उद्भवला तर आरंभापासून शोध घ्यावा लागतो.

उदाहरणातील लॅपटॉप आता पडद्यावर अक्षरे दाखवितो. दिनांक व वेळ चुकीची असल्याचा संदेश येतो. याचे कारण मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी होय. बहुधा ती 20 मिलिमीटर व्यासाची, 3.2 मिलिमीटर जाडीची व 3 व्होल्टची असते, आणि यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवते. ती संपली की जुन्या यंत्रांतील बायॉसमधील निवडीही पुसल्या जाऊन मूळ स्थितीत येतात. परिणामी हार्ड डिस्क वाचण्याची रीत बदलते, आणि डिस्क सुस्थितीत असूनही यंत्र ती सापडत नाही असे सांगते. अशा प्रसंगी थोड्याशा पैशांची बॅटरी बदलून निवडी पूर्ववत् केल्या की काम भागते. ज्यांनी डिस्क बिघडली असे मानून ती टाकून दिली, त्यांचे नुकसान भरून येत नाही.

डिस्कचा आवाज

परंतु समजा, निवडी पूर्ववत् करूनही डिस्क सापडत नाही, आणि कान लावल्यावर आतून टक्-टक् असा आवाज ठरावीक अंतराने येतो. येथे हात आवरला पाहिजे. जुन्या लॅपटॉपमधील डिस्कच्या तबकड्या बहुधा मिनिटाला 5,400 फेरे घेतात, आणि वाचनशीर्ष तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी याच्या हजारो पट असते. टक्-टक् आवाज म्हणजे शीर्ष आपली जागा शोधत आहे व ती त्याला सापडत नाही. अशा स्थितीत यंत्र पुनःपुन्हा सुरू करण्याने तबकडीवर चरे पडून जे वाचले असते तेही जाते. डिस्क उघडून पाहणे तर सर्वस्वी वर्ज्य. धूलिमुक्त कक्षाबाहेर तसे करणे म्हणजे तिचा नाश होय. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा एक उपाय ऐकिवात येतो. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरते व अपाय होतो. अशी डिस्क थेट माहिती परत मिळविणाऱ्या जाणकारांकडे सोपवावी.

आवाज नसेल आणि डिस्क केवळ मंद असेल, तर ती काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या संगणकास जोडावी. प्रथम सर्वांत मोलाची माहिती उतरवून घ्यावी, मग उरलेली. मदरबोर्ड पूर्णतः मृत असला तरीही हा मार्ग खुला असतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. लॅपटॉप मेला म्हणजे त्यातील माहिती मेली असे नव्हे. ज्या यंत्रांत माहिती गूढलिपीत साठविण्याची सोय चालू केलेली असते, तेथे मात्र किल्लीवाचून ती वाचता येत नाही. म्हणून ती किल्ली यंत्राबाहेर लिहून ठेवणे अगत्याचे आहे.

काय करू नये

दुरुस्तीच्या नावाखाली प्रचलित असलेल्या काही प्रकारांचा निषेध करणे आवश्यक आहे. युरोपीय संघात जुलै 2006 पासून शिसे असलेल्या डाखाच्या वापरावर निर्बंध आले. शिसेविरहित डाख तुलनेने ठिसूळ असतो, आणि वारंवार तापून थंड होण्याने त्याला सूक्ष्म तडे जातात. असे तडे जुळविण्यासाठी काही जण मदरबोर्ड घरातील भट्टीत तापवितात. यंत्र क्वचित काही दिवस चालते आणि पुन्हा बंद पडते; दरम्यान प्लॅस्टिकचे विषारी धूर अन्न शिजविण्याच्या जागी पसरतात. तसेच चार्जर उघडून पाहू नये, कारण भिंतीपासून अलग केल्यावरही त्यातील धारित्रात धोकादायक भार काही काळ राहू शकतो.

याउलट पंख्यातील धूळ काढणे हे अगदी साधे आणि गुणकारी काम आहे. उन्हाळ्यात चंदीगडचे तापमान 40 अंशांच्या वर जाते. धुळीने बुजलेल्या पंख्याचे यंत्र अशा दिवसांत स्वतःला वाचविण्यासाठी बंद पडते, आणि लोक त्याला बिघाड म्हणतात. धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने स्थिर धरावे. जोराच्या हवेने ते भलत्या वेगाने फिरल्यास पंख्याच्या धारव्याला अपाय होतो.

राखावे की टाकावे

दोष सापडला तरी दुरुस्ती करावी किंवा नाही, हा प्रश्न उरतोच. चार्जर, खोबण, रॅम, नाणेबॅटरी, पंखा किंवा डिस्क यांपैकी दोष असेल तर दुरुस्ती बहुधा परवडते. मदरबोर्ड गेला असेल तर जुन्या यंत्रावर तेवढा खर्च सहसा परवडत नाही. दुरुस्त झालेल्या यंत्राच्या मर्यादाही ओळखाव्यात. विंडोज 7 या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी निर्मात्याकडून मिळणारे सुरक्षेचे साहाय्य जानेवारी 2020 मध्ये, आणि विंडोज 10 चे सर्वसाधारण साहाय्य ऑक्टोबर 2025 मध्ये संपले. अशा यंत्रावर लिनक्सचा एखादा हलका प्रकार बसविल्यास लेखन, वाचन व हिशेब यांसाठी ते आणखी काही वर्षे उपयोगी पडते.

टाकावयाचेच ठरले तर ते रद्दीवाल्याच्या पोत्यात जाऊ नये. भारतात ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम 2011 साली झाले व मे 2012 पासून लागू झाले; एप्रिल 2023 पासून 2022 चे नवे नियम अमलात आले. उत्पादकावर वस्तूच्या अखेरच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकणे हे या नियमांचे सूत्र आहे. नोंदणीकृत पुनश्चक्रण केंद्राकडे यंत्र देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी, किंवा तिच्यावरील माहिती पूर्णतः पुसून टाकावी.

शेवटी एक सवय सांगावयाची राहते. दुरुस्तीच्या प्रत्येक पायरीची नोंद कागदावर करावी : कोणत्या दिवशी काय दिसले, काय बदलले, आणि मग काय घडले. प्रत्येक स्क्रू कोठून निघाला हेही त्यात यावे, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळल्यास मदरबोर्डला भोक पडू शकते. कुशल तंत्रज्ञ अशी वही बाळगतो. तिच्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, आणि आज न सापडलेला दोष उद्या दुसऱ्या कोणाला सापडतो. यंत्र कायमचे गेले तरी पुढील यंत्राच्या दुरुस्तीस ती वही उपयोगी पडतेच. आणि तिच्या पहिल्या पानावर, माहितीची दुसरी प्रत काढल्याची तारीख लिहिलेली असावी.